पेन ड्राइव्हवरचा वॉचमन: पीअरब्लॉकची गोष्ट

नेहमीसारखंच, ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लेखी आवृत्ती. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका छोट्याशा सॉफ्टवेअरची आहे. काही एमबीची झिप फाइल. इन्स्टॉल करायची गरज नाही, पेन ड्राइव्हवर टाका, कुठल्याही विंडोज मशीनला लावा, डबल क्लिक करा, चालू. नाव पीअरब्लॉक. तुमच्यापैकी जे तिशीच्या आसपास आहेत त्यांना आठवत असेल. जे विशीत आहेत त्यांनी बहुतेक नावही ऐकलं नसेल. पण तुमच्या फोनमध्ये आज जे अॅड ब्लॉकर, प्रायव्हेट डीएनएस वगैरे चालतं, त्याचा हा एक काका आहे असं समजा. आणि या काकाने केलेल्या चुका आपण अजूनही करतोय.

हॉस्टेल, रूम आणि एक विंडो

२०१५. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलमध्ये प्रत्येक खोलीत लॅनचं पोर्ट होतं आणि प्रत्येकाने आपला लॅपटॉप एक फॉर्म भरून रजिस्टर करायचा असा नियम होता. माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी रात्री माझ्या रूमीचा वापरायचो. त्याने पासवर्डही देऊन ठेवला होता. हॉस्टेलमध्ये चालतंच तसं.

एका सीनिअरने मला पेन ड्राइव्ह दिला. त्यात टॉरंटचं एक पोर्टेबल क्लायंट होतं आणि पीअरब्लॉक. तो म्हणाला, "आधी हे चालू कर, मग ते. काही होत नाही."

चालू केलं. एक विंडो उघडली आणि त्यात ओळी सरकायला लागल्या. वेळ, कुठलं तरी कंपनीचं नाव, आयपी अॅड्रेस, आणि पुढे शब्द: ब्लॉक्ड. ब्लॉक्ड. ब्लॉक्ड. दर सेकंदाला एक-दोन. मला अक्षरशः वाटलं की बाहेर कोणीतरी दार ठोठावतंय आणि आपला माणूस त्यांना परत पाठवतोय. सोसायटीच्या गेटवर पहिल्यांदाच चांगला वॉचमन मिळाल्यावर जसं वाटतं ना, तसं. त्या रात्री मी निवांत झोपलो.

तीन आठवड्यांनी माझ्या रूमीला रेक्टर सरांनी बोलावलं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा वॉचमन आला कुठून ते बघू.

आधी नॅपस्टर, मग खटले

जून १९९९ मध्ये नॅपस्टर आलं. लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून गाणी थेट घ्यायला लागले. जुलै २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशांमुळे ते बंद पडलं. जून २००२ मध्ये ऑडिओगॅलक्सी नावाच्या तशाच सेवेने अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेशी, म्हणजे आरआयएएशी, तडजोड केली आणि मोफत देवाणघेवाण जवळपास थांबली.

तोपर्यंत कंपन्या सेवा चालवणाऱ्यांवर खटले करत होत्या. ८ सप्टेंबर २००३ ला दिशा बदलली. आरआयएएने एका दिवसात २६१ सामान्य लोकांवर खटले भरले. त्यात न्यूयॉर्कमधली एक १२ वर्षांची मुलगीही निघाली. तिच्या आईने २,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. अमेरिकेच्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी एका गाण्यामागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते, त्यामुळे २,००० डॉलर हे 'स्वस्तात सुटलो' असंच होतं. पुढच्या पाच वर्षांत खटला किंवा तडजोडीची पत्रं गेलेल्यांचा आकडा सुमारे ३५ हजारांवर गेला.

या लोकांना शोधलं कसं? मीडियासेंट्रीसारख्या कंपन्या त्याच नेटवर्कवर साध्या युजरसारख्या शिरायच्या, कोण कुठली फाइल शेअर करतंय ते बघायच्या आणि त्याचा आयपी अॅड्रेस टिपायच्या. मग कोर्टामार्फत इंटरनेट कंपनीला विचारायचं, की या वेळी हा आयपी कोणाकडे होता? इंटरनेट कंपनी नाव-पत्ता द्यायची. झालं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. नाव सांगणारा माणूस बाहेरचा गुप्तहेर नव्हता. नाव सांगायची आपलीच इंटरनेट कंपनी.

यादी बनवायची कल्पना

आता लोकांच्या डोक्यात साधा विचार आला. हे हेर आपल्याशी कुठून तरी जोडले जातात ना? त्यांनाही आयपी असणारच. मग त्यांच्या आयपींची यादी करू आणि त्यांच्याशी बोलायचंच नाही.

कल्पना नवीन नव्हती. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी स्पॅम ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरची एक यादी सुरू केली होती, मॅप्स आरबीएल नावाची. जगभरचे मेल सर्व्हर ती यादी बघून ठरवायचे, की हे पत्र घ्यायचं का परत पाठवायचं. त्यावरूनच तेव्हाही भांडणं झाली: यादीत एखाद्याचं नाव चुकून पडलं तर? आणि हा न्याय करायचा अधिकार या दोघांना दिला कोणी? हा प्रश्नही लक्षात ठेवा.

ऑडिओगॅलक्सी बंद पडल्यावर टिम लेनर्ड नावाच्या प्रोग्रामरने घाईघाईत एक ब्लॉकर लिहिला: पीअरगार्डियन. व्हिज्युअल बेसिकमध्ये. २००३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि खटल्यांच्या भीतीने लोकांनी ती धडाधड डाउनलोड केली.

ही पहिली आवृत्ती काम कसं करायची ते ऐका, कारण एक इंजिनिअर म्हणून मला यात फार मजा वाटते. विंडोजमध्ये नेटस्टॅट नावाची एक कमांड आहे. सध्या आपला कॉम्प्युटर कोणाकोणाशी जोडलेला आहे याची ती यादी देते. पीअरगार्डियन तशीच यादी पुन्हा पुन्हा मागवायचा, त्यात 'वाईट' आयपी दिसला की ते कनेक्शन तोडायचा. म्हणजे पाहुणा आधी घरात येणार, सोफ्यावर बसणार, मग वॉचमन येऊन म्हणणार, चला, बाहेर! हेराला तुमचा आयपीच हवा होता, आणि तो कनेक्शन जुळताच मिळालेला. शिवाय सारखी यादी मागवत राहिल्याने प्रोसेसर तापायचा तो वेगळाच.

२००५ मध्ये पीअरगार्डियन २ आला. कोरी नेल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिला, आणि मुख्य म्हणजे अडवण्याचं काम विंडोजच्या पोटात, ड्रायव्हरमध्ये नेलं. आता प्रत्येक पॅकेट आत यायच्या किंवा बाहेर जायच्या आधी तपासलं जायचं. यादीची टेक्स्ट फाइलही अगदी साधी: नाव, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग पहिला आयपी, डॅश, शेवटचा आयपी. एका ओळीत एक पट्टा. हे पट्टे क्रमाने लावले की शोध झटपट होतो. यादीत समजा दोन लाख ओळी असल्या तरी मधोमध उघडून डावीकडे का उजवीकडे असं करत गेलं तर १८ तुलनांत उत्तर मिळतं. शब्दकोशात शब्द शोधतो तसंच. डेटा स्ट्रक्चरच्या तासाला जे बायनरी सर्च रटाळ वाटतं, ते इथे सेकंदाला शेकडो वेळा चालायचं.

वॉचमनच्या केबिनवर ताबा

याच वर्षी एक प्रकार घडला. पीअरगार्डियनची टीम मेथलॅब्स या नावाने काम करायची. आपसांत फूट पडली आणि मेथलॅब्सचं डोमेन मूळ टीमच्या हातून गेलं. मग टीमने नवीन नाव घेतलं, फिनिक्स लॅब्स. राखेतून उठलो म्हणून फिनिक्स.

ऐकायला ही घरगुती भांडणाची गोष्ट वाटते. पण जरा थांबून विचार करा. लाखो कॉम्प्युटरवर बसलेलं एक सॉफ्टवेअर, ज्याच्या हातात विंडोजच्या पोटातला ड्रायव्हर आहे, ते इंटरनेटवरून आपोआप यादी आणतं. ती यादी जिथून येते तो पत्ता ज्याच्या हातात, तो ठरवणार तुम्ही कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही. त्याने एक ओळ वाढवली तर तुमच्या बँकेची साइट बंद. एक ओळ काढली तर हेर आत. आपण सगळे हेरांना घाबरत होतो. यादी पाठवणाऱ्याकडे बघायचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि तिच्या ६४ बिट आवृत्तीत नियम आला: ज्या ड्रायव्हरवर डिजिटल सही नाही, तो चालणार नाही. सहीसाठी सर्टिफिकेट लागतं, त्याला पैसे लागतात, आणि मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे तेच नसतात. लोक विंडोजची ही तपासणीच बंद करून पीअरगार्डियन चालवायला लागले. म्हणजे चोर येऊ नये म्हणून वॉचमन ठेवला, आणि वॉचमनला आत येता यावं म्हणून कुलूप काढून ठेवलं!

मार्क बुलास आणि काही जणांनी पीअरगार्डियनचा कोड घेऊन २००९ मध्ये पीअरब्लॉक काढला. मोठा फायदा हाच, की याचा ड्रायव्हर सही केलेला होता. विंडोज ७ वर बिनतक्रार चालायचा. आणि झिपमधून थेट चालणारी पोर्टेबल आवृत्ती होतीच. भारतात ही पोर्टेबल गोष्ट किती सोयीची होती हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, जे कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, मित्राच्या मशीनवर बसायचे, त्यांचं सगळं जग पेन ड्राइव्हवरच असायचं. एकच अट: अॅडमिनचा पासवर्ड हवा, कारण ड्रायव्हर बसवायचा असतो. माझ्याकडे तो होता. रूमीने दिलेला.

यादीत नक्की कोण होतं?

पीअरब्लॉक पहिल्यांदा उघडलं की विचारायचं: काय काय अडवू? पीटूपी विरोधी कंपन्या, जाहिराती, स्पायवेअर, शिक्षणसंस्था. हो, शिक्षणसंस्था! विद्यापीठांच्या आयपींचे पट्टेच्या पट्टे यादीत असायचे, कारण कोणाला तरी वाटलं की तिथूनही पाळत ठेवली जाते. वेबसाइट उघडेनात अशा तक्रारी इतक्या यायच्या, की वेबचं ट्रॅफिक मोकळं सोडायचं एक बटणच दिलेलं होतं. ऑनलाइन गेम चालेना की पहिला सल्ला यायचा, पीअरब्लॉक बंद करून बघ.

ही यादी बनवणारे लोक स्वयंसेवक होते. सुरुवातीला पीअरगार्डियन कोणाकडूनही आयपी घ्यायचा, मग खोट्यानाट्या नोंदी येतायत म्हणून ते थांबवावं लागलं. एखादा आयपी यादीत का टाकला याचा पुरावा दिसायचा नाही. चुकून पडलेल्याने दाद मागायची सोय म्हणाल तर फोरमवर विनंती.

२००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांनी हे मोजलं. एक भारतीय नावही त्यात आहे, अनिर्बाण बॅनर्जी. त्यांना दिसलं, की यादी न वापरणारा माणूस यादीतल्या कोणाशी तरी जोडला जाणारच, आणि तो ज्या वेगवेगळ्या आयपींशी बोलतो त्यातले १२ ते १७ टक्के यादीत असतात. पीअरब्लॉक वापरणाऱ्यांना हा आकडा म्हणजे सर्टिफिकेटच वाटला: बघा, किती हेर आहेत! पण नीट वाचा. यादीत असलेले १२ ते १७ टक्के. यादीत असणं आणि हेर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. माझ्या विंडोत सरकणाऱ्या त्या ब्लॉक्ड ओळींपैकी किती जण खरोखर पाळत ठेवणारे होते आणि किती कुठल्यातरी विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये बसलेली माझ्यासारखीच मुलं होती, हे मला कधीच कळणार नाही.

यादी कोण तपासतं हा प्रश्न आपल्याकडे मुंबईतही आला, फक्त उलट्या बाजूने. २०१६ मध्ये 'ढिशूम' सिनेमाच्या वेळी निर्माते लिंक्सची यादी घेऊन मुंबई उच्च न्यायालयात आले आणि म्हणाले, हे सगळं ब्लॉक करा. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी आख्ख्या साइट बंद करायला नकार दिला. आधी प्रत्येक लिंक तपासा, तपासल्याचं शपथेवर सांगा, आणि ब्लॉक केलेल्या पानावर लोकांना दाद कुठे मागायची तेही लिहा, असं त्यांनी सांगितलं. मी जेव्हा ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की यादी कंपनीची असो, सरकारची असो की आपल्या बाजूच्या स्वयंसेवकांची, हे तीन प्रश्न सगळ्यांना सारखेच लागू पडतात. तपासली कोणी, कशावरून, आणि चूक झाली तर सांगायचं कोणाला.

प्रिंटरला आलेली नोटीस

आता या सगळ्यातली सगळ्यात मोठी गंमत. टॉरंट कसं चालतं? एखादी फाइल हवी असेल तर तुमचा क्लायंट ट्रॅकर नावाच्या सर्व्हरला विचारतो, ही फाइल कोणाकोणाकडे आहे? ट्रॅकर आयपींची यादी देतो. आणि त्याच वेळी तुमचाही आयपी त्या यादीत टाकतो, म्हणजे पुढचा विचारेल त्याला तुम्हीही सापडाल.

मग हेराला तुमच्या कॉम्प्युटरशी जोडायची गरजच काय? त्याने ट्रॅकरला विचारायचं. तुमचा आयपी हातात. तुमचा वॉचमन गेटवर उभा राहून ओळखीच्या गुंडांना अडवतोय, आणि तुमचा फ्लॅट नंबर सोसायटीच्या फलकावर रस्त्यावरून दिसेल असा लिहिलेला. पीअरब्लॉक तुमचा आयपी लपवत नव्हताच. त्याने तसं वचनही दिलं नव्हतं. ते वचन आपण आपल्या मनाने ऐकलं.

२००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी यावर एक फार खट्याळ प्रयोग केला. त्यांनी ट्रॅकरला खोटे आयपी कळवले. म्हणजे, या फाइलसाठी मला या पत्त्यावर संपर्क करा, आणि पत्ता दिला विद्यापीठातल्या प्रिंटरचा. थोड्याच दिवसांत कॉपीराइट उल्लंघनाच्या नोटिसा आल्या. प्रिंटरच्या नावाने! ज्याने आयुष्यात कागदाशिवाय काही डाउनलोड केलं नाही, त्या बिचाऱ्या प्रिंटरवर सिनेमा चोरल्याचा आरोप.

हसू येतं, पण याची दुसरी बाजू गंभीर आहे. नोटीस पाठवणाऱ्यांनी तपासलंच नव्हतं की त्या पत्त्यावर खरंच कोणी फाइल शेअर करतंय का. आयपी दिसला, नोटीस गेली. त्याआधी २००५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका ८३ वर्षांच्या आजींवर खटला झाला होता. आजी खटल्याच्या आधीच वारल्या होत्या, आणि मुलीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना कॉम्प्युटर आवडतही नव्हता.

२०१२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की लोकप्रिय टॉरंटमध्ये शिरलात तर साधारण तीन तासांत कोणीतरी तुमची नोंद घेतं, आणि काही कंपन्या आता थेट जोडूनही तपासतात. त्यात ब्लॉकलिस्ट किती उपयोगी? त्यांच्यावर विसंबू नका, असाच सूर होता. यादीत नसलेले हेर होते, आणि यादीत असलेले साधे लोक होते. हेराला नवीन आयपी भाड्याने घ्यायला एक दिवस लागतो; यादीला ते कळायला महिने.

रूमीचं काय झालं

तर, आमचं हॉस्टेल. आम्हाला पकडणारा कोणी परदेशी हेर नव्हता. कॉलेजच्या गेटवेवर लॉग होता, बस्स. आमच्या खोलीतून निघणारं प्रत्येक पॅकेट त्या मशीनमधूनच जायचं. पीअरब्लॉक बघतो की पॅकेट कोणाला पोहोचायचंय. रस्त्यात ते कोणाच्या हातातून जातंय हे तो बघत नाही, बघू शकतही नाही. पोस्टमनला ब्लॉक करून पत्र कसं पाठवणार? जिथे धोका होता तिथे यादीचा काही संबंधच नव्हता.

लॉगमध्ये आयपी होता, आयपीसमोर रजिस्टर झालेला लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपसमोर नाव होतं. माझ्या रूमीचं.

शिपाईकाका वर येऊन त्याला घेऊन गेले. त्याने सांगितलं, सर, मी काही डाउनलोड केलं नाही. सरांनी प्रिंटआउट समोर ठेवलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मशीन खोटं बोलतं का, असं त्याला विचारलं गेलं. एक महिना लॅन बंद आणि घरी पत्र. त्याच्या घरी पहिल्यांदाच कोणी इंजिनिअरिंगला गेलं होतं. त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होतो. तो कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलला. बराच वेळ फक्त "हो बाबा", "नाही बाबा" एवढंच ऐकू येत होतं.

पोर्टेबल सॉफ्टवेअरचं कौतुक काय, तर मागे फारसा माग राहत नाही. पेन ड्राइव्ह काढला की गेलं. त्याच्या लॅपटॉपवर माझं असं काहीच नव्हतं. माग सगळा त्याच्या नावावर राहिला.

मी त्याला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, मला अंदाज होता. मग म्हणाला, आता माफीनामा लिहून दिलाय, तू गेलास तर दोघांचं बंद होईल, राहू दे. आणि मी राहू दिलं. रेक्टर सरांकडे गेलो नाही, काकांना फोन केला नाही. पुढे चौथ्या वर्षापर्यंत आम्ही एकाच खोलीत राहिलो, आजही बोलतो. हा एपिसोड करण्याआधी त्याला विचारलं. तो म्हणाला, कर, फक्त नाव नको.

काकांना खरं काय ते अजून माहीत नाही. हे रेकॉर्ड करताना मी ठरवलंय, की दिवाळीत त्यांच्या गावी जायचं आणि स्वतः सांगायचं.

आणि आता फोन

पीअरब्लॉकची शेवटची मोठी आवृत्ती, १.२, जानेवारी २०१४ मध्ये आली. नंतर तो थांबल्यासारखाच झाला. यादीच्या फुकट अपडेटवरही मर्यादा आली होती. आज तो पेन ड्राइव्हवर घेऊन कोणी फिरत असेल तर तुमच्या प्रायव्हसीसाठी त्याचा काही उपयोग नाही, स्पष्टच सांगतो.

एक तर पत्त्यांचंच गणित बदललं. जुन्या पद्धतीचे आयपी सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. मोबाइल डेटावर तुमच्यासारखे असंख्य लोक बाहेरच्या जगाला एकाच जुन्या पद्धतीच्या आयपीमागे दिसतात. त्यातला कोण कोण होता हे ओळखायची नोंद असते ती टेलिकॉम कंपनीकडे. आलं लक्षात? फिरून पुन्हा गेटवेवरच.

पण कल्पना जिवंत आहे. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव टाकलं की अॅपमधल्या बऱ्याच जाहिराती आणि ट्रॅकर गायब होतात. मी स्वतः वापरतो, चांगलं आहे, तुम्हीही वापरा. काही अॅड ब्लॉकर अॅप चालू केल्यावर वर चावीचं चिन्ह दिसतं, व्हीपीएन असल्यासारखं. खरं तर बऱ्याचदा ते फोनच्या आतल्या आतच यादी लावत असतं. तुमचा आयपी जिथे होता तिथेच आहे. चावी दिसली म्हणून लपलो असं समजू नका.

आणि खरं व्हीपीएन घेतलंत तर? तेव्हा गेटवे बदलतो, एवढंच. आधी टेलिकॉम कंपनी बघत होती, आता व्हीपीएनवाला बघू शकतो. २८ एप्रिल २०२२ ला आपल्या सर्ट-इनने निर्देश काढले, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी पाच वर्षं जपून ठेवायचे. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर काढून घेतले. म्हणजे कुठलं व्हीपीएन घ्यायचं याआधीचा प्रश्न असा: माझं नाव आणि माझा आयपी एकत्र लिहिलेली वही कोणाकडे असणार आहे?

प्रायव्हसीचं कुठलंही अॅप टाकताना मी आता हेच बघतो. हे मला कोणापासून लपवतं? कोणापासून नाही? यादी असेल तर ती कोणाच्या हातात आहे? आणि चौथा प्रश्न, जो मला २०१५ मध्ये सुचायला हवा होता: माझं चुकलं तर नाव कोणाचं लागणार आहे? घरचं वायफाय बाबांच्या नावावर असतं. सिम आईच्या आधारवर घेतलेलं असतं. लॅपटॉप मित्राचा असतो. हॉटस्पॉट ऑफिसमधल्या ताईंचा असतो. लॉगमध्ये तुम्ही नसता, ते असतात.

त्या रात्री माझ्या विंडोत शेकडो ओळी सरकल्या. प्रत्येक ओळीत कोणाचं तरी नाव होतं. ज्याचं नाव खरं महत्त्वाचं होतं तो माझ्या शेजारच्या कॉटवर झोपला होता.

चला, आज एवढंच. तुमच्या हॉस्टेलचे, सायबर कॅफेचे असे किस्से असतील तर व्हॉइस नोट पाठवा. नावं बदलून पाठवा म्हणजे झालं. पुढच्या एपिसोडला भेटू. काळजी घ्या.